भट्टीवाल्याचा नारळ

तो नवस कधीच फेडला हो, विहीणबाई — किशोरचा परवाना आला त्याच आठवड्यात कुडपणला गेले, देवीपुढं नारळ फोडला, ओटी भरली, सगळं यथासांग. बोलले होते ना मी आईला, माझ्या पोराला परदेशात कामाचा परवाना मिळू दे, तोवर नारळ देव्हाऱ्याला बांधून ठेवीन आणि तोंडाला गोड लावणार नाय. हे हसायचे मला — इथं बिरवाडीत दारासमोर कंपन्या, आणि बाई युरोपातल्या पावभट्टीसाठी नवस बोलतेय! पण मिळाला की नाय? पिठानं पांढरा झालेला फोटो दाखवला होता ना तुम्हाला सुपारीच्या दिवशी — तुमची श्रुतिका हसली होती, म्हणाली, हे तर आत्ताच म्हातारे दिसतात. गोड पोर हाय हो. घ्या ना, चहा घ्या. माझ्यात साखर नाय, तुमच्यात घातलीय.

काय? माझ्यात का नाय? अशीच आपली — कुठला नारळ? तो देव्हाऱ्याचा... नको, नको, हात नका लावू! सोवळ्याचं काय नाय हो, तुम्ही घरच्याच — पण लाल फडक्यात बांधलेला काम होईपर्यंत हलवत नाय ना. कुठलं काम? बघा, मी पण अशी... ह्यांनी बजावलं होतं, आवडे, त्या यायच्या आधी तो नारळ आत तांदळाच्या डब्यात ठेव. पण बांधलेला सोडायचा कसा? म्हणून राहिला तिथंच, तुमच्या डोळ्यांसमोर.

बसा हो. बसा, सांगते. लपवायचं नव्हतं — म्हणजे, लपवायचं होतं, लग्नाची तारीख धरेपर्यंत. काम गेलं नाय त्याचं, गेलं नाय अजून. तिकडच्या सरकारनं नियम बदलले. बाहेरचा माणूस ठेवायचा तर मालकानं आता परवाना नव्यानं मागायचा, आणि मागायच्या आधी जाहिरात लावायची — पाव भाजायला माणूस पाहिजे म्हणून. तिथलं कुणी आलं, तर ते काम त्याचं. कुणी नाय आलं, तरच किशोर. पोरगा रोज तिथंच भट्टीशी उभा, आणि त्याच्याच जागेची जाहिरात त्याच्याच दुकानाच्या काचेवर! फोनवर म्हणाला, आई, दाराची घंटा वाजली की हातातलं पीठ टाकून पुढं येतो, बघतो तर कुणी म्हातारी पाव घ्यायला आलेली.

आणि चूक कुणाची म्हणाल तर माझीच. हो, माझीच. परवाना मागितला मी पोराला, आणि आता कळतंय, तो असतो मालकाचा. मालकानं मागायचा, मालकाला मिळायचा, पोरगा नुसता त्याच्या मागं उभा. मी मालकासाठी एक शब्द बोलले नव्हते. आईनं मागितलं तेवढं दिलं, तिचा काय दोष? म्हणून हा दुसरा नारळ — हा त्या भट्टीवाल्या मालकाचा. कुडपणला आबाजी गुरवांना म्हटलं, गाऱ्हाणं घाला. ते म्हणाले, नाव? नाव माझ्या जिभेवर बसेना. म्हणाले, बरं, कुळ? म्हटलं, लावा, भट्टीवालं कुळ. हसू नका हो — नाय, हसा, हसलात तर बरं वाटेल मला. त्यांनी पण घातलं बिचाऱ्यांनी, 'भट्टीवाल्या लेकराला सांभाळ गे आई', न हसता.

पण एक अडलं. मागू काय? जाहिरातीला कुणी येऊ नये, असं? तिथं पण कुणाचा तरी पोरगा घरात बसला असेल ना, त्याची आई पण त्याला म्हणत असेल, जा रे, त्या दुकानात विचारून तर बघ. आपल्यातली नाय, पण आईच ती. तिच्या पोराच्या पायात खोडा घाल, असं देवीला कसं सांगू? जीभच रेटेना. मग म्हटलं, आई, त्या गावातल्या सगळ्या पोरांना दुसरीकडं काम लागू दे, ह्याच्याहून बरं, भट्टीच्या धगीऐवजी पंख्याखालचं, म्हणजे ती आपणच त्या जाहिरातीला यायची नायत. बरोबर ना? नाय? काय करणार हो, इथून माझ्या हातात काय हाय — ना तो मालक, ना ते सरकार, ना ती काच. एक नारळ हाय.

श्रुतिकाच्या बाबांना, सुधीरभाऊंना सांगाल ना घरी गेल्यावर... सांगा. सांगायलाच पाहिजे, पोरीचा प्रश्न हाय. सुपारी फुटली म्हणजे काय मान अडकली असं नाय, हे मला कळतं. पण श्रुतिकाला विचारा एकदा, तेवढं — उठलात? अर्धा कप तसाच ठेवलात की. पोलादपूरची गाडी लागायची हाय अजून. बरं, बरं, जा. पण अशा नाय जायचं, कुंकू लावू दे. पदर धरा. हे तांदूळ, हा खण, हा नारळ. ओटीचाच हाय, पण ऐका ना — हा फोडू नका. उद्या आमटीत घालू नका. लाल फडकं नसेल तर हा खणच घ्या, बांधा तुमच्या देव्हाऱ्याला. किशोरसाठी नको, पोरीसाठी पण नको, त्या भट्टीवाल्यासाठी. नाव नाय आलं तरी चालतं, देवीला कळतं. आणि बांधताना आधी त्या दुसऱ्या आईच्या पोराला काम मागा, मग आपलं.

बांधाल ना हो?