टाकीतलं मीठ

जाईबाई: कडू नाय गो. खारा हाय. दे, आनखी एकदा बगते.

स्नेहल: आई, तिसऱ्यांदा चाखताय. पोट बिघडेल.

जाईबाई: मिठागराच्या कडंला जलम काढला मी. खारा पानी पोटात गेला तं पोटाला माहेरचा मानूस आल्यासारका वाटंल. तुला कवा कलला?

स्नेहल: आत्ताच. मेथीची जुडी काढली, नळाखाली हात धुतले, त्याच हातानं तोंड पुसलं. ओठ खारट लागले. आधी वाटलं घाम असेल. मग दुसऱ्या टाकीचा नळ सोडला, मग तिसऱ्या. सगळ्या तशाच.

जाईबाई: चारी टाक्या खालून पाइपानं जोडल्यात. एकीत जे, ते चौघींत.

स्नेहल: बंडू प्लंबरला फोन लावला. तो म्हणतो, ताई, पावसाच्या टाक्या नुकत्याच बसवल्यात, प्लास्टिकला चव नसते. तुमच्या बोनकोड्यात बोअरला खाडीचं पाणी लागतं, ते कुणी जोडलंय का बघा. मी म्हटलं, बोअर बंद करून दोन वर्षं झाली, तिनं निम्मी बाग जाळली म्हणून तर तुला बोलावलं.

जाईबाई: मंग?

स्नेहल: मग म्हणाला, वरून मीठ पडत नसतं. आणि ठेवला फोन.

जाईबाई: सकालची सर मोटी व्हती.

स्नेहल: मोठी म्हणजे! सातला लागली ती साडेआठपर्यंत. पाच दिवस ऊन होतं, टाक्या तोवर अर्ध्याच भरल्या होत्या. बघता बघता गळ्यापर्यंत भरल्या. दहा हजार लिटर. मी लगेच फोटो काढून ह्यांना मार्केटात पाठवला.

जाईबाई: काय बोलला दिपेश?

स्नेहल: अंगठा पाठवला.

जाईबाई: अंगठा म्हंजे?

स्नेहल: म्हणजे बघू.

जाईबाई: त्याचा ‘बगू’ मना ठावं हाय. तेच्या बापाचाबी असाच व्हता. बगू बोलायचा नि दुसऱ्या दिशी करून मोकला.

स्नेहल: ह्या वेळेला तसं नाही करता येणार. गणपतीत सगळ्यांच्या समोर बोललेत. मेअखेरपर्यंत बाग नुसत्या ह्या टाक्यांवर जगली, घरातल्या नळाला हात न लावता, तर जागेवर बिल्डिंग नाही. जळली तर जूनच्या आधी पाया खणायचा. तीन मजले, भाड्याच्या खोल्या. नकाशासुद्धा काढून ठेवलाय त्यांनी, कपाटात माझ्या साड्यांखाली.

जाईबाई: साड्यांखाली? म्हंजे तुना बगावा म्हनूनच ठेवला.

स्नेहल: मी हिशेब केलाय आई. रोज दोन बादल्या. मिरचीला तांब्या, वालाच्या वेलाला दोन तांबे, शेवग्याला दिवसाआड. दहा हजार लिटर बरोबर मेपर्यंत पुरतं. नेमकं. आणि आज हे.

जाईबाई: बरा, मना एक सांग. तो बंडू खाली भिंतीपाशी कॉक लावून गेला. चार दिवस उगाड पडली नि मंग पाऊस आला, तं पैला पानी तेच्यातून गटारात सोडायचा बोलला. स्लॅबवरची घान, कबुतरांचा सगला जाऊ दे, मंग कॉक बंद करून टाकीत घ्या. आज सोडलास?

स्नेहल: मी वर जाऊन आले आत्ता. स्लॅबवर.

जाईबाई: मी कॉकाचा इचारते.

स्नेहल: पाइपाच्या तोंडाशी एक गोणी पडलीये. ओली, रिकामी. तिच्यात काय होतं आई?

जाईबाई: मी आदी इचारला.

स्नेहल: तुम्ही आधी विचारलं, पण मी आधी बघून आले.

जाईबाई: चहा ठेव जा थोडा.

स्नेहल: नाही ठेवत.

जाईबाई: ऊन पडला व्हता ना गो पाच दिस. मुशीची मासली खारवून वालत घातली व्हती वरती. खडं मीठ, अर्दी गोनी. भिंतीची सावली तिथंच पडते, म्हनून पाइपापाशी ठेवली. सकाली आभाल आला तवा पलत वरती गेले. मुशी आनली. प्लास्टिकबी आनला. मुशी भिजंल म्हनून जीव गेला माजा. गोनी इसरले.

स्नेहल: अर्धी गोणी मीठ.

जाईबाई: हसतेस का?

स्नेहल: हसू नको तर काय करू? खाडी आत येऊ नये म्हणून सहा महिने झटलो. आणि आपणच आणून घातली.

जाईबाई: आथा तुजा सांग. पैला पानी गटारात गेला असता तं मीठबी तेच्यासंगं गेला असता. निदान निम्मा.

स्नेहल: उघडला नव्हता.

जाईबाई: आज?

स्नेहल: एकदाही नाही. बंडू शिकवून गेला त्या दिवशी उघडला होता, त्याच्यासमोर. नंतर नाहीच. होत नाही मला ते.

जाईबाई: काय व्हत नाय? हात दुकतो?

स्नेहल: पाणी गटारात जाताना बघवत नाही. तुम्हाला नाही कळायचं. माहेरी, दहिवडीला आमच्या गल्लीत आठ दिवसांनी टँकर यायचा. मी नऊ वर्षांची असेन. भरलेली घागर आणताना उंबऱ्याला ठेचकाळले. सगळं पाणी अंगणात. वाटलं माझी आई आता बडवणार. तिनं हात नाही उगारला. खाली बसली, पदर त्या चिखलात बुडवला आणि भांड्यात पिळला. परत बुडवला, परत पिळला. त्यापेक्षा मारलं असतं तर बरं झालं असतं. तेव्हापासून माझ्या हातून पाणी सोडवत नाही. घाण असलं तरी पाणीच ना ते, असं वाटतं.

जाईबाई: बस हितं. कट्ट्यावर बस.

स्नेहल: आपण असं केलं तर? ह्यात नळाचं पाणी… नाही, नळ नाही. सांडपाणी मिसळून थोडं थोडं घालू. रोज एकच बादली.

जाईबाई: मीठ थोडा थोडा घातला तरी मातीत तेवडाच साचतो. पानी उडून जातो, मीठ बसून ऱ्हातो. बोअरनं काय केला ते बगितलास ना?

स्नेहल: मग राहू दे टाकीत. अजून एक-दोन पाऊस होतील, तेव्हा ठरवू.

जाईबाई: नि ते पाऊस कुठं घेशील? पदरात? टाक्या गल्यापर्यंत भरल्यात. चांगला पानी आला तं वरून वाहून जाईल, नि हा खारा तसाच आत बसंल.

स्नेहल: आणि रिकाम्या केल्या, आणि पाऊसच नाही आला तर?

जाईबाई: तं रिकाम्या.

स्नेहल: इतकं सहज कसं बोलता हो तुम्ही?

जाईबाई: सहज नाय. आमची शेती खाराची व्हती. ही कालनी उभी हाय ना समोर, तिथंच. बांदाला पान्याचा दरवाजा असतो, उगाडी. पावसाचा पैला पानी शेतात साचला, की मातीतला सगला मीठ तेच्यात उतरतो. तो पानी धरून ठेवला तं भात जलतो. म्हनून सासरा उगाडी उगडायचा, गुडग्याएवडा पानी समदा खाडीत सोडून द्यायचा. नि मंग बांदावर बसून वरती बगत ऱ्हायचा. दुसरा येतो का म्हनून.

स्नेहल: यायचा?

जाईबाई: यायचा. एका साली नाय आला.

स्नेहल: मग?

जाईबाई: मंग आमी दोगी जावा मिठागरावर गेलो टोपल्या उचलायला. मी नवीन सून. मना लय राग आलेला. बोलले तेला, मामा, पानी ठेवला असतात तं निदान अर्दा भात आला असता.

स्नेहल: काय म्हणाले?

जाईबाई: पुडच्या साली पैला पानी साचला तवा मना बांदावर घेऊन गेला, नि उगाडीची फली माज्या हातात दिली. तू उचल बोलला.

स्नेहल: उचललीत?

जाईबाई: लय येल लागला.

स्नेहल: टाक्या रिकाम्या करायचा खालचा मोठा कॉक कुठला? हा लाल?

जाईबाई: तोच. पन आदी पाइप गटाराकडं फिरव. वालाच्या मुलाशी नको जायला.

स्नेहल: फिरवला. आई, तुम्ही लावा ना हात.

जाईबाई: मी हाय हितंच.

(पाणी वाहू लागतं. काही वेळानं फाटक वाजतं. दिपेश मार्केटातून परतला आहे.)

दिपेश: दारात पाणी कसलं वाहतंय? गटार तुंबलं काय?

जाईबाई: टाक्या खाली करतो.

दिपेश: कायच्या काय. सकाळी फोटो आला ना फुल टाकीचा? मी गाळ्यावर सगळ्यांना दाखवला.

जाईबाई: मीठ गेला तेच्यात. मी वरती ठेवलेला, इसरले.

स्नेहल: आणि मी पहिलं पाणी सोडलं नाही. सोडलं असतं तर एवढं नसतं गेलं.

दिपेश: म्हणजे दोघींनी मिळून लोचा केला.

जाईबाई: हो. मिलून.

दिपेश: आता पाऊस नाय आला तर मे सोडा, डिसेंबर पण नाय निघत.

स्नेहल: नाही निघत.

दिपेश: तो कॉन्ट्रॅक्टर आज मार्केटात भेटलेला. विचारत होता, कधी येऊ जागा बघायला.

स्नेहल: मेअखेर म्हणाला होतात. आज सप्टेंबरची तेवीस तारीख आहे.

दिपेश: स्नेहल, मी काय बोलतो ऐक. हे पाणी असंच ठेवलं असतं, तर मला कळलं पण नसतं. टाक्या फुल, दोघी गप. मी काय चाखून बघणार होतो?

जाईबाई: झाडांनी बगितला असता.

(दिपेश हातातली पिशवी कट्ट्यावर ठेवतो.)

जाईबाई: जेवलास का?

दिपेश: नाय. आये, थांब जरा. ठीक आहे. मी बोललो तर बोललो. मेपर्यंत. त्याला सांगतो जूनमध्ये फोन कर. पण नळाचं पाणी नाय हां.

स्नेहल: नळाचं नाही.

दिपेश: आणि आली एखादी सर, तर मला उठवा. स्लॅब मी धुतो. तुमच्या दोघींच्या भरवशावर नाय ठेवणार.

जाईबाई: उठवू.

दिपेश: सरक जरा, स्नेहल. हा कॉक अर्धाच उघडलाय. असं तर संध्याकाळपर्यंत चालेल. पूर्ण फिरवतो.

स्नेहल: नको. हळूच जाऊ दे.