हरभऱ्यापासून खसखशीपर्यंत

काय सांगू तुम्हाले भाऊ, माझं मूळ गाव वरवट बकाल, पण त्या गावात माझं म्हणावं असं नुसतं नावच होतं, वावर होतं ते चुलत्याइचं, म्हणून मिसरूड फुटलं तसा मी नांदुऱ्याले आलो, काऊन का नांदुऱ्याले रेल्वे होती अन् रेल्वे होती म्हणून कापसाचे जिन होते अन् जिन होते म्हणून आमच्यासारख्याले काम होतं. वऱ्हाड तवा नावाले निजामाचं, चालवे इंग्रज, अन् कागद जाये नागपूरले. आम्हाले त्या तिघाइपैकी कोणी कधी दिसलं नाई, आम्हाले दिसे तो मुकादम.

माझं काम प्रेसमधी, रुईच्या गाठी दाबतात तिथं. सरकी निघाल्यावर जी रुई राहते ती लोखंडी पेटीत टाकत अन् आम्ही चौघं गडी त्या पेटीत उतरून पायानं तुडवत, तुडवत, तुडवत, दिवाळीपासून होळीलोक तेच. नाकात रुई, कानात रुई, खोकललं तर तोंडातून रुई. सुटी झाली का कंबर सरळ होत नसे. आता लोक म्हणतात वाईट संगतीनं व्यसन लागते. मले तर चांगल्या संगतीनं लागलं. माझ्या बाजूचा गडी, सोन्यासारखा माणूस, म्हणे घे बे थोडी अफीम, कंबर मोकळी होईन. झाली ना मोकळी! खोटं काऊन बोलू, पहिल्या महिन्यात अफीमइतकं भलं माझं कोणी केलं नाई. मग कंबर राह्यली मागं अन् अफीम गेली पुढं. घेतली तर दुखत नाई असं होतं, ते नाई घेतली तर दुखते असं झालं, अन् हे कधी बदललं ते मले समजलंच नाई. ज्याले समजते तो वाचते, भाऊ.

अन् हे काही चोरीछुपीचं काम नव्हतं. बाजारात सरकारी ठेका होता, पाटी लावलेली, लायसनवाला. एक डाव गावात नशाबंदीची सभा झाली. मोठे वकीलसाहेब अध्यक्ष, फेटा, हार, घड्याळाची साखळी. दोन तास त्याइनं सांगतलं का नशा हा राक्षस हाय, अन् मग म्हणे सगळे हात वर करा, शपथ घ्या. आम्ही सगळ्याइनं केले. माझा उजवा हात वर होता अन् डाव्या मुठीत गोळी होती. शेवटी आभार मानले, त्याच्यात ठेकेदाराचेही मानले, काऊन का सतरंज्या त्याच्या होत्या.

माझं लग्न झालं ते तुळसाशी. पूर्णाकाठच्या माळ्याची पोरगी, वांगे-मिरच्या लावणारं घर. दिसाले बारकी, बोलणं कमी, पण बोलली का ते बोलणं तुमच्या मागं मागं घरी येईन असं. तीही जिनात कापूस निवडाले जाये. पोरगी झाली, चंद्रभागा, तिले घेऊन जाये. जिनाच्या आवारात लिंबाखाली बायाइच्या लेकराइचे झोके बांधलेले असत, अन् तिथं गोदामाय बसे. म्हातारी, कोणाची कोणी नाई पण सगळ्या लेकराइची आजी. लेकरू रडलं का आईचा हात थांबते, हात थांबला का मुकादम म्हणते जा घरी. म्हणून बाया सकाळी लेकराले अफीम चाटवत. बाळगोळी म्हणत त्याले. गोड नाव हाय ना? सगळे झोके चिडीचूप. बाहेरचा माणूस येऊन म्हणे, वा, काय शहाणे लेकरं! एक तुळसाचीच पोट्टी रडे. बाया तिले म्हणत, मोठी आली राणी, हिची पोट्टी काय कलेक्टर होणार हाय? तुळसा म्हणे, रडली तर समजते का भूक लागली, झोपवली तर मले काय समजणार?

अन् मग तो दिवस आला. पोरीचे दात येऊ राह्यले होते, सकाळपासून रडणं. मुकादम दोन डाव येऊन गेला. गोदामायले वाटलं, ह्या बाईचं काम जाईन, तिनं मायेनं पोरीले बोटावर जराशी चाटवली, कोणाले बोलली नाई, हे मले मागून समजलं. मी दुपारच्या सुटीत आलो. पोरगी अजून कुरकुरच करू राह्यली होती. मले वाटलं, तुळसाचं काम जाईन. मीही मायेनं माझ्या गोळीतली जराशी चाटवली, कोणाले बोललो नाई. मायेच्याच दोन बोटाइनं माझी पोरगी मारली असती पहा. माझं बोट चाटलं अन् ती माझ्याकडं पाहून हसली, ते मी कोणाले सांगत नाई, तुम्हाले सांगू राह्यलो.

तुळसा दूध पाजाले आली तर पोरगी तोंड लावेना. ओठ निळे. हलवली तर मान इकून तिकून. तुळसानं माझ्याकडं पाह्यलं, मग गोदामायकडं पाह्यलं, अन् पोरगी उचलून सरकारी दवाखान्याकडं पळत सुटली, अनवाणी, मी मागून. डॉक्टर म्हणे झोपू देऊ नका, काही करा, झोपू देऊ नका. तळपायाले टिचक्या मार, तोंडावर पाणी मार, उभं धर, फिरव. त्यानं त्याचं केलं, आम्ही आमचं केलं. चार घटका तरी गेल्या असतील. दिवेलागणीच्या आधी पोरीनं एक टाहो फोडला, असा टाहो का कंपाउंडर दचकला. तवापासून मी कोणाच्या गाण्याची फार तारीफ करत नाई.

दुसऱ्या दिवशी तुळसा गाठोडं बांधू लागली. मी तिच्यापुढं बसलो, म्हटलं मी शपथ घेतो, पोरीची शपथ, आजपासून बंद. तर ती म्हणे, पोरीची नको, तिनं कालच लय भोगलं. अन् शपथ तर तुमची झालेली हाय ना सतरंजीवर? म्हणे, मी माहेरी चालली. ज्या घरात अफीम हाय त्या घरात माझी पोरगी राहणार नाई. तुम्ही एका दिवसात सोडसान तर तिसऱ्या दिवशी ठेक्यावर दिससान, मले माहीत हाय, तुमचं मन खोटं नाई, पण अंग तुमचं ऐकत नाई. अंगाले शिकवा लागते, वासराले दुधावरून तोडतात तसं. मी दर बाजारी येईन, सात दिवसाच्या सात गोळ्या देईन. त्याच्यावर एक घेतली नाई पाहिजे. गोळी संपली का आम्ही दोघी घरी.

पहिल्या बाजारी बापाच्या गाडीत माळव्यासंगं आली. थेट ठेक्यावर जाऊन उभी राह्यली, गड्याइच्या रांगेत. एक जण म्हणे, काय वैनी, तुम्हालेही लागली का? म्हणे, हाव भाऊ, संपवाले आली. मग मिरच्याच्या ढिगामागं बसली, पदराची गाठ सोडली, त्यात दाणे होते. हरभरा, तूर, मूग, ज्वारी, तीळ अन् खसखस. हरभरा तळहातावर ठेवला अन् त्याच्याएवढी गोळी वळली, दोन्ही बाजूले धरून पाहे, जराशी मोठी वाटली तर कमी करे. सात गोळ्या पळसाच्या पानात बांधून दिल्या. पोरगी तिच्या मांडीवर. मी हात पुढं केला तर म्हणे, अजून नाई.

एक दाणा तीन-तीन बाजार चाले. तुरीवर आलो तवा पाय तुटू लागले, मुगावर आलो तवा जांभया, डोळ्याले पाणी, अन् शिंका, अरे बापा, अशा शिंका का पेटीतले तिघं गडी म्हणत, रुई उडवू राह्यला बे, घरी जा. सगळ्या प्रेसमधी माझं नाव पडलं शिंकाराम. अन् एक दिवस मले सहन झालं नाई. ठेक्यावर गेलो, घेतली, हरभऱ्यापेक्षा मोठी. तीन दिवस तसंच. बाजाराच्या दिवशी तोंड धुऊन, टोपी नीट करून तुळसापुढं जाऊन उभा राह्यलो, म्हटलं आता मूग मले भारी जात नाई, ज्वारी दे. तिनं वांगे तोलता तोलता माझ्याकडं पाह्यलं, म्हणे, आज शिंका कुठं गेल्या?

भोवती गिऱ्हाईक, मले वाटलं आता ही ओरडीन, पोरगी कायमची गेली. तिनं गिऱ्हाइकाले वांगे दिले, गाठ सोडली अन् हरभरा काढला. म्हणे, अंग जिथं हाय तिथून चालू करू. मी म्हटलं, अवं, दोन महिने वाया गेले. म्हणे, वाया काऊन? मुगालोक रस्ता पायाले माहीत झाला ना.

भाऊ, मी तवापासून लय मोठे माणसं पाह्यले, भाषणं ऐकली, पण पडलेल्या माणसाले असं कोणी उचललेलं मी पाह्यलं नाई. ना शिवी, ना उपदेश, ना माफी. वांगे तोलता तोलता.

मग हरभऱ्यापासून पुन्हा. मग ज्वारी, मग तीळ. तिळाले मी भ्यालो नाई, पण तीळ संपाले आला तवा भ्यालो, काऊन का तिळाएवढी गोळी हातात दिसे तरी, पुढं तेही नाई. खसखशीएवढी गोळी वळणं म्हणजे मस्करीच, बोटाले चिकटे, तुळसा सुईच्या टोकानं पानावर ठेवे. मी म्हटलं, ह्याच्यात आता काय राह्यलं? म्हणे, तुमची सवय राह्यली, तिलेही निरोप देऊ. अन् पाहा गंमत, ज्या बोंडातून अफीम निघते त्याच बोंडाचा तो दाणा. जिथून आली तिथं पोचवून दिली तिनं.

शेवटच्या बाजारी पान रिकामं होतं. गाडीत गाठोडं होतं. मिरच्याच्या ढिगामागं तुळसानं पोरगी माझ्या मांडीवर ठेवली, तवा चांगली चालू लागली होती ती, पण उन्हानं झोपली होती. अन् मी काय केलं म्हणसान? मी ते मिटलेले डोळे पाह्यले अन् माझा जीव गेला, मी पोरीले गदागदा हलवलं, उठ, उठ, उठ! पोट्टीनं भर बाजारात भोंगा लावला, सगळे पाहाले लागले. तुळसा हसली नाई, रागावली नाई. म्हणे, चला आता घरी.

तुळसा गेली त्याले चार वर्षं झाले. आता म्हणतात इंग्रज जाणार, जावो बापा, पण मोहाची दारू कुठं जाणार हाय? लोक माझ्याकडं येतात, बाबा, पोराची दारू सोडवा, तुळसाबाईचं औषध द्या. मी म्हणतो, औषध नव्हतं, तुळसा होती. दारूले दाणा लावता येत नाई, अन् दर बाजारी न चुकता येणारी बाई मी कुठून आणू? एखादा लयच रडला तर त्याच्यासंगं ओसरीवर बसतो. एवढंच जमते.

चंद्रभागाच्या नातवाचा झोका समोर हाय पाहा. ह्या घरात माझं नाव बदनाम हाय का बाबा झोपलेल्या लेकराले उठवते. उठवत होतो, खोटं नाई. चंद्रभागाच्या सुना ओरडत. आता नाई उठवत. नाकाखाली बोट धरतो, गरम श्वास लागला का बसतो. हा आपल्या आपल्या झोपेनं झोपला हाय, भाऊ. सगळ्याइच्या लेकराले अशीच झोप लागो. तुम्ही जरा हळू बोला.