मामाच्या जागेवर

मला जहाजवाला म्हणू नका रे, त्या शब्दाची लाज वाटते. मी देवासला घरी बसून मालवाहू जहाजांवर कोण कधी चढणार, कोण कधी उतरणार, एवढंच ठरवतो. मध्ये एका खलाशाचा मेल आला, "भाचीचं लग्न आहे, वेळेवर उतरवा." मी म्हटलं, सुट्टी हवी असली की सगळ्यांनाच भाच्या उगवतात! बदली माणूस शोधायचा कंटाळा केला, नकाराचा मेल धाडला आणि त्याला अजून महिनाभर जहाजावरच ठेवलं.

पुढं धारला बायकोच्या मैत्रिणीच्या मुलीचं लग्न होतं. मंगलाष्टकं सुरू व्हायची वेळ झाली, तरी नवरीमागं मामा नाही. तिची आई डोळे पुसत म्हणाली, "भाऊ जहाजावर अडकलाय. ऑफिसवाल्यांनी सोडलंच नाही."

जहाजाचं नाव विचारलं, ते माझ्याच यादीतलं निघालं. तोच तो मेलवाला.

नवरीचे वडील म्हणाले, "भिया, तुम्ही पण जहाजवालेच ना? तुम्हीच उभे रहा मामाच्या जागी."

राहिलो. कुणीतरी मामाला व्हिडिओ कॉल लावला. तो हात जोडून म्हणाला, "साहेब, बहुत उपकार झाले. नाव काय तुमचं?"

त्याला गेलेल्या नकाराखाली माझंच नाव होतं. मी थोरल्या भावाचं नाव सांगितलं.

बायको अक्षता घेऊन शेजारीच उभी होती. दिराचं नाव ऐकून ती माझ्याकडं वळली.