राखेत गुरुजी नाहीत

गुरुजीच्या शोकसभेले जमलेल्या साऱ्या मंडळीले हात जोडतो. हेडमास्तर म्हणाले, भाऊराव, तुम्ही बोला, तुमची अन् गुरुजीची जुनी ओळख. ओळख होती, खरं हाय. पण आज बोलाचा हक्क मले हाय का? तुम्हीच ऐका अन् ठरवा.

मी सोनाळ्याचा वांगे-मिरच्या पिकवणारा माणूस. गुरुजी इथं हायस्कूलात विज्ञान शिकवत. शाळा सुटली की माझ्या मळ्यावर येत. एक दिवस त्यायनं माझ्या चुलीवर, पळीत, वांग्याचा तुकडा जाळला. मंग मिरची. मंग कोंबडीचं पीस. मंग माझ्याच डोक्याचा केस. सारं काळं झालं. म्हणाले, हा कार्बन. वांगं त्याचं, कोंबडी त्याची, तुम्ही-मी त्याचेच. मी म्हटलं, मंग कोंबडीसंगं मले बी रश्श्यात टाकता का? लय हासले होते गुरुजी.

मंग माझी घरवाली गेली. तिसऱ्या दिवशी राख सावडली. सारी नदीत सोडली, पण ओंजळभर मी धोतराच्या सोग्यात लपवून आणली. विहिरीजवळच्या सीताफळाच्या बुडाशी घातली. मले वाटे, तिचा कार्बन राखेतच असन. आता ती झाडात येईन. गुरुजीले तसं विचारलं. ते म्हणाले, "भाऊराव, राखेत चुना आणि क्षार उरतात. कार्बन धुरासोबत हवेत गेला. पुढे तो कोणत्या झाडाच्या पानानं घेतला, ते कोणालाच सांगता येत नाही."

खोटं बोलले असते तं काय बिघडलं असतं त्यायचं? मी तिथूनच त्यायले हाकललं. माझ्या शेताच्या धुऱ्यावर पाय ठेवू नका, म्हटलं. चार वर्षं बोललो नाही, मंडळी. चार वर्षं. ते रस्त्यानं जात, थांबत, माझ्याकडं पाहत. मी मिरचीत मान खाली घालून बसो.

मागच्या आठवड्यात त्यायनं निरोप धाडला, येऊन जा. मी म्हटलं, मिरचीले पाणी देऊन राह्यलो, उद्या येतो. दुसऱ्या दिवशी गेलो, तं अंगणात तिरडी बांधून राह्यले होते. काऊन बलावलं होतं त्यायनं मले? आता कोणाले विचारू?

हेडमास्तर म्हणतात, थोडी राख शाळेतल्या निंबाले घालू, गुरुजी इथंच राह्यतीन. घाला. मी आडवा येत नाही. तवा मले जे पाहिजे होतं, तेच आज तुम्हाले पाहिजे हाय. पण त्या राखेत गुरुजी नाहीत. तालुक्यातलं पान न् पान पाह्यलं तरी मले ते सापडणार नाहीत. अन् पान काही कोणाले माफ करत नाही. ते कुठं गेले, हे खरं सांगणारा गावात एकच माणूस होता.

आता उठा. थोडा वेळ काही बोलू नका.

गुरुजी, तुम्ही खरं बोलले होते. मी ऐकून घ्याले पाहिजे होतं.