ठमीच्या डोळ्याचं पाणी

—नाही, तो पिवळा थेंब तेवढा घालू नका, डॉक्टर. सूनबाई खाली गाडी लावतेय, ती वर येईपर्यंत माझं ऐकून घ्या. थेंब घातला की तुम्ही बघणार, डोळ्यातून नाकात उतरणाऱ्या नळीतून निचरा होतो की गालावर ओघळतो — हो ना? मग मीच सांगतो. होतो निचरा. नात माझी, ही ठमी, ठणठणीत आहे. मग डोळ्यातून अजून पाणी येतं म्हणून माझा मुलगा काळजीनं अर्धा झालाय तो कशापायी, असंच ना? ते पाणी माझं.

म्हणजे माझ्या वाटीतलं. उकळून गार केलेलं हो — मी काय वैरी आहे पोरीचा? सकाळी कुणी खोलीत यायच्या आत एक थेंब पापणीला लावायचा, की झालं. कशाला म्हणजे? तुम्हीच नाही का सांगितलंत, नळीच्या खालच्या टोकाला पडदा राहून गेलाय, बऱ्याच बाळांना असतो, नाकाच्या कडेला बोट टेकवून हलकेच खाली दाबत न्या, बहुतेक सुटतो आपोआप. मुलगा भीतीनं बोटच टेकवायचा नाही, सूनबाईनं दाबलं की ठमी किंचाळायची, म्हणून मला बोलावून घेतलं — माझा जन्म गेला बेकरीत पीठ मळण्यात, किती दाबायचं ते बोटालाच कळतं. डोळा बरा झाला की मी निघालो, असं मीच ऐटीत सांगून बसलो, आणि तो मेला डोळा बघता बघता बरा! मग काय, गाशा गुंडाळू? तिकडे माझ्या रिकाम्या घरी जाऊन भिंतींशी बोलू? इथं चोळायच्या वेळेला ती पोर माझ्या मांडीवर येते, बोट दिसलं की बोळकं पसरून हसते. मला नाही जायचं, डॉक्टर. खरं तेच सांगतो.

पण काल मुलगा म्हणाला, आता भूल देऊन, सुई घालून नळी मोकळी करून घेऊ — आजची वेळही त्यानंच घेतली. एवढ्याशा जिवाला सुई, माझ्या वाटीपायी? तेव्हा तुम्ही फक्त एवढं म्हणा, सुई नको, आजोबांना अजून चोळू द्या. एवढं एक खोटं बोला — हसताय काय?

काय? कुणाचा फोन आला होता? सूनबाईचा? काल संध्याकाळी? — वाटी पाहिलीय तिनं? कधीपासून? अरे देवा... आणि तुम्हाला काय म्हणाली? "डोळा बरा झालाय हे मामंजींसमोर उघड करू नका, लगेच पिशवी भरायला घेतील." असं म्हणाली? हेच शब्द?

माझ्याकडे काय बघताय, ठमीकडे बघा. तपासा तिला.

थांबा, जिन्यात चप्पल वाजली. तिचीच. हे मला कळलंय ते तिला कळता कामा नये, काय? तुम्ही आपलं सांगा, अजून चोळत राहा म्हणून. गंभीर चेहऱ्यानं सांगा. मी काही बोलत नाही.