शालिनीताईंची दोन बोटं

सन्माननीय अध्यक्ष सदाशिवराव, मंचावर विराजमान आमचे हाडांचे डॉक्टर विक्रमसिंह साहेब, आज ज्यांना आपण निरोप देतोय त्या ऑपरेशन थिएटरच्या मुख्य सिस्टर शालिनीताई, आणि फूलबाग चौकाच्या गर्दीतून वाट काढत आलेले तुम्ही सगळे, नमस्कार.

मी अवंतिका. बी.ए. दुसऱ्या वर्षाला सोडलं, तेव्हापासून फिरतेच आहे. इथे मला पेशंट म्हणून बोलावलंय. ओरछ्याला पायी गेले होते, परतताना ट्रकमधून उडी मारली आणि डावा गुडघा गेला. त्या ट्रकवाल्याकडे एक पोपट होता, तो, जाऊ द्या, ताई डोळे वटारतायत.

तर गुडघ्यातली कूर्चा, मतलब हाडाच्या टोकावरचं गुळगुळीत आवरण, तिची लक्तरं झाली होती. ऑपरेशन दुर्बिणीनं. कमरेत इंजेक्शन, मी टक्क जागी, समोर पडद्यावर माझाच गुडघा. एका नळीनं खारं पाणी आत जातं, दुसरीनं बादलीत येतं. आणि साहेब पायाखालच्या पेडलनं चालणाऱ्या पेनासारख्या यंत्रानं, रेडिओलहरींच्या उष्णतेनं, ती लक्तरं साफ करत होते. काय सुंदर दिसत होतं, इस्त्री केल्यासारखं. मीच म्हटलं, "साहेब, तो कोपरा पण करा ना."

ताई शेजारी उभ्या, बाहेर येणाऱ्या नळीवर दोन बोटं ठेवून. एकदम म्हणाल्या, "साहेब, थांबा. पाणी तापलंय."

"दोन सेकंद, ताई."

"दोन सेकंद तुमचे, गुडघा पोरीचा. पाय काढा पेडलवरून."

साहेबांनी पाय काढला. बघतात तर तीच नळी पुढे त्यांच्याच स्टुलाच्या चाकाखाली दबलेली. पाणी जेमतेम थेंब थेंब बाहेर पडत होतं, बाकीचं आतल्या आत तापत होतं. रागावू नका साहेब, ही गोष्ट सांगायची परवानगी तुम्हीच दिलीत.

नंतर वॉर्डात मी म्हटलं, "ताई, मला तर काहीच जाणवलं नाही."

"कसं जाणवेल? इंजेक्शन होतंच, आणि कूर्चेला तर नसाच नसतात. पन्नास डिग्रीच्या आसपास तिच्या पेशी मरतात, आणि पडद्यावर सगळं छान दिसत असतं. मेलेल्या पेशी परत येत नाहीत. कळतं तेव्हा तू जिन्यावर रडत बसलेली असतेस. ती ओरडत नाही, म्हणून मी ओरडते."

आत्ता मी या मंचाच्या पायऱ्या डाव्या पायाच्या जोरावर चढले, पाहिलंत ना? का नाही चढणार?

पण खरं सांगू? आता उजवा गुडघाही कुरकुरतोय, येत्या गुरुवारी त्याचं असंच ऑपरेशन आहे. आणि ताई आज निवृत्त. मशीन तेच, त्यावर पाण्याचं तापमान दिसत नाही. मग नळीवर हात कोणाचा? काल हरिशंकरपुरम कॉलनीत ताईंच्या घरी जाऊन हेच विचारलं. त्यांनी आधी साबुदाण्याची खिचडी दिली, मग म्हणाल्या, "मला काय विचारतेस? साहेबांना विचार. सगळ्यांसमोर."

म्हणून विचारते. साहेब, गुरुवारी कोण?

नुसती मान नको साहेब, नाव सांगा.

निवेदिता सिस्टर. ऐकलंत सगळ्यांनी? सिस्टर, जरा उभ्या राहा ना. यांना इथे येऊन आठच महिने झालेत, पण ताई म्हणतात, हात एकदम तयार आहे. त्या काहीतरी बोलतायत. मागे ऐकू येत नसेल, मी सांगते. त्या विचारतायत, "मी थांबा म्हटलं, तर साहेब थांबतील का?"

टाळ्या नको, उत्तर येऊ द्या.

साहेब उभे राहिलेत. म्हणतायत, "थांबेन. पहिल्यांदा म्हणाल तेव्हाच. आणि नाही थांबलो, तर तिथूनच शालिनीताईंना फोन लावा."

अध्यक्षमहाराज, माझी पाच मिनिटं केव्हाच संपली, तरी तुम्ही घंटी वाजवली नाहीत, त्याबद्दल आभार. ताई, तुमचे आभार कसे मानायचे ते मला येत नाही. बोलण्याच्या भरात कोणाचा मान राखायचा राहिला असेल, तर घरचीच पोर समजून पोटात घाला. आता वाजवा टाळ्या, आणि आधी निवेदिता सिस्टरसाठी. ताईंनी तर सुरुवातही केली आहे.