नवसात विषय राहिला

हसू नका हं, पण आमच्या सुजाताच्या बढतीसाठी मी प्रभादेवीच्या बाप्पाला नवस बोलले होते, की तिची सायटेशन वाढू देत, म्हणजे तिच्या संशोधनाचा दाखला इतरांनी भरपूर द्यावा. मुलाखतीच्या आदल्या दिवशी आकडा एकदम दुप्पट! मी पेढे आणायला निघाले, तर ती कॉम्प्युटरवरून ओरडली, "थांब आई! मी विजेच्या ग्रिडवर लिहिते. हे फिट्सवरचे पेपर माझ्याच नावाच्या कुणा मेंदूच्या डॉक्टरचे आहेत. चुकून माझ्या खात्यात मोजले गेलेत. काढायला सांगते."

"अगं, मुलाखत होऊ दे, मग सांग!"

"दुसरीच्या उपासाचं पुण्य तू घेशील?"

मी पिशवी परत खुंटीला अडकवली. आकडा परत खाली आला. निकाल अजून लागायचाय, जीव नुसता वरखाली होतोय. काल पुन्हा देवळात गेले. म्हटलं, "बाप्पा, मागच्या वेळी नाव-गोत्र सांगितलं, विषय राहिला. त्या डॉक्टरचंही भलं कर, पण आमची विजेची हो!"